कुणाच्या तोंडून, कुणाच्या हातून

बहिणाबाई चौधरींबद्दल इंटरनेटवर मराठीत जे काही सापडते, त्यात एक विधान हमखास भेटते. असोदे गावी महाजनांच्या घरी, नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला, हे ते विधान. शाळकरी निबंध, स्पर्धापरीक्षांची टिपणे, जयंतीचे फलक अशा नाना ठिकाणी शब्द थोडे मागेपुढे होतात, पण नागपंचमी आणि २४ ऑगस्ट ही जोडी सहसा सुटत नाही. जन्मतारीख ११ ऑगस्ट १८८० अशी देणारी पानेही आहेत. त्यामुळे ऑगस्टात जयंतीचे संदेश दोनदा येतात आणि दोन्ही वेळा लोक तितक्याच भक्तिभावाने हात जोडतात.

प्रश्न तसा किरकोळ आहे. तेरा दिवसांनी कवितेचे मोल बदलत नाही. तरी मी तो धरून बसलो, कारण इंटरनेटवरची माहिती तपासायची कशी हे दाखवायला इतके स्वच्छ उदाहरण सहसा हाती लागत नाही. इथे प्रत्यक्ष आकाशच साक्षीला आहे.

७ जुलै १८८० रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण झाले. ते आपल्याकडून दिसणारे नव्हते, दूर दक्षिण अटलांटिकच्या बाजूला होते. पण सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, आणि अमावास्या साऱ्या पृथ्वीची एकच असते. तिथून साडेएकोणतीस दिवस पुढे मोजले की ५-६ ऑगस्टला पुढची अमावास्या येते. ती आषाढातली, आपली दिव्यांची अवस. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागला. शुद्ध पंचमी म्हणजे नागपंचमी १०-११ ऑगस्टला येते. नारळी पौर्णिमा २० ऑगस्टच्या सुमाराला. म्हणजे २४ ऑगस्टला श्रावणाचा वद्य पक्ष लागून तीन-चार दिवस झाले होते. त्या दिवशी महाराष्ट्रात नागपंचमी असणे शक्य नाही. ज्या विधानात नागपंचमी आणि २४ ऑगस्ट शेजारी शेजारी बसले आहेत, त्या विधानाचा एक पाय दुसऱ्यावर पडतो आहे. हे पडताळायला जुनी जंत्री पुरते. ज्याच्या घरी ती नाही त्याला बोटांवर मोजूनही जमेल.

एक आडवाट राहते, तीही पाहून घ्यावी. गुजरातेत नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला पाळतात आणि १८८० साली ती २४-२५ ऑगस्टच्या सुमारालाच येते. आमच्याकडच्या लेवा पाटीदार घराण्यांत पूर्वज गुजरातेतून आल्याची समजूत आहे. एवढ्यावरून कुणी २४ तारखेचा बचाव करू शकेल. मला तो पटत नाही. पूर्वज कुठूनही आलेले असोत, आमच्या गावांतले झोके आणि वारुळाची पूजा शुद्ध पंचमीलाच असते.

मग दोहोंतले काय ठेवायचे? १८८० साली असोद्याच्या शेतकरी घरात मुलगी झाली तेव्हा इंग्रजी तारीख लिहून ठेवायला कुणी बसले नसणार. घराने लक्षात ठेवला असेल तो सण. आमच्या आज्यांच्या जन्मवेळा अशाच सांगितल्या जात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, प्लेगाच्या साली, तापीला पूर आला तेव्हा. नागपंचमी ही त्या घरची आठवण. इंग्रजी तारीख ही पुढे कुणीतरी, शहाण्या आणि शिकलेल्या माणसाने, त्या आठवणीवर चढवलेली. दिसायला तारीख नेमकी असते म्हणून ती अधिक विश्वासार्ह वाटते. इथे उलटे आहे. सण पहिल्या हातचा आहे, तारीख दुसऱ्या हातची. सणाशी जुळते ती तारीख ठेवावी, न जुळणारी सोडावी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे गणित मांडले, तिच्याकडे येतो. २४ तारीख देणारी पाने मोजली तर भरपूर निघतात, आणि संख्येचा माणसाच्या मनावर दाब पडतो. एवढे सगळे म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. पण हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांनी या दाबावर फार पूर्वी उतारा शोधला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पुरे झाले आणि सगळे काम संपायला १९६६ उजाडले. त्या कामामागच्या शास्त्रातले एक साधे तत्त्व असे: दोन पोथ्या बरोबर पाठात जुळल्या तर त्यातून फारसे कळत नाही, कारण बरोबर पाठ दोघांनाही स्वतंत्रपणे मिळालेला असू शकतो. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या एकाच पोथीच्या लेकी आहेत असे धरून चालावे. मग पोथ्या दहा असोत की शंभर, साक्षीदार एकच.

नागपंचमी अधिक २४ ऑगस्ट ही नेमकी तशी विचित्र चूक आहे. ती जिथे जिथे दिसते तिथे तिथे कुणीतरी कुणाचे तरी उचलले आहे. शंभर पानांची ती साक्ष नाही. एकाच पानाचे ते शंभर पडसाद आहेत. इंटरनेटवरच्या मजकुराला हे तत्त्व पोथ्यांपेक्षाही घट्ट लागू पडते. पोथी नकलायला महिने लागत, नकलणारा थकत असे, त्याच्या नव्या चुका होत आणि त्या चुकांवरून घराणे ओळखू येई. आता नक्कल क्षणात होते आणि तंतोतंत होते. नकलणाऱ्याच्या हाताचा ठसाच उरत नाही. म्हणून जी थोडी ठसठशीत चूक सापडते, ती सोन्यासारखी जपावी.

अलीकडे पान उघडायचीही गरज राहिलेली नाही. यंत्राला विचारले की ते सलग, शुद्ध मराठीत उत्तर देते. त्या उत्तरात पडसादांचा एक गुळगुळीत गोळा झालेला असतो. पानांवर निदान चुकांचे जोड दिसत होते. गोळ्यात जोड दिसत नाहीत.

हे सगळे सांगताना मला धुळ्याची आठवण टाळता येत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. खानदेशाच्या वाट्याला आलेला हा मोठा वारसा आहे, आणि तो आपण बराचसा कपाटात ठेवला आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची जी उलटतपासणी केली ती आजही वाचावी अशी आहे. बखर घटनेनंतर पुष्कळ काळाने, ऐकीव गोष्टींवरून, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. माणसे आणि साले तिच्यात एकमेकांत मिसळतात. पत्र त्या दिवशी, त्या छावणीतून, अमक्याने तमक्याला लिहिलेले असते. पत्रातही खोटे असू शकते, पण ते खोटे कुणाचे हे कळते. राजवाड्यांचा जोर या शेवटच्या गोष्टीवर आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांच्या लेखी पुरावा म्हणजे ज्याचा धनी ठाऊक आहे असा मजकूर.

याच राजवाड्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीत काही ठिकाणी असे तर्क लढवले की भाषाशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. कागदपत्रांतला अधिकार व्युत्पत्तीत आपोआप चालत नाही. ‘राजवाडे म्हणतात’ एवढ्यावर थांबणाऱ्याने हे विसरू नये, आणि हाच नियम आजच्या प्रत्येक नावाजलेल्या डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुरालाही लावावा.

तारखेपेक्षा गंभीर घोळ बहिणाबाईंच्या शब्दांत झाला आहे. त्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नाही.

त्यांची भाषा अहिराणी, असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. मी भुसावळचा. भुसावळ, यावल, रावेर, जळगाव या पट्ट्यात जी बोली घराघरांत ऐकू येते तिला कुणी लेवा गणबोली म्हणते, कुणी तावडी. अहिराणीचा मुलूख धुळे-नंदुरबार, अमळनेर-चाळीसगाव, मालेगाव-बागलाण असा पश्चिमेकडे पसरला आहे. दोन्ही बोलींत ‘मला’चे ‘मले’ होते, म्हणून बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात. पण अहिराणी बोलणारा ‘माझा’ला ‘मना’ म्हणतो, ‘तुझा’ला ‘तुना’, ‘आहे’ला ‘शे’. बहिणाबाईंच्या कवितेत ‘माझा-माझी’ आहे, ‘चा-ची-च्या’ आहे. पुस्तक उघडून दोन पाने वाचली तरी निकाल लागतो. ग्रिअर्सनने भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशी ऊर्फ अहिराणीला भिल्ली भाषांबरोबर ठेवले, मराठीच्या खंडात नव्हे. त्याचे वर्गीकरण मान्य असो वा नसो, अहिराणीचा वेगळेपणा इतका ठळक आहे हे तरी त्यावरून दिसते. ज्या पानावर ‘अहिराणी कवयित्री’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते, त्याच्या लेखकाने कविता वाचलेली नाही, किंवा अहिराणी ऐकलेली नाही. दोन्ही नसण्याची शक्यताही सोडू नये.

या बोलीचे दुसरे लक्षण म्हणजे ‘ळ’चा ‘य’. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. ‘पाणी’चे ‘पानी’. ‘मध्ये’चे ‘मधी’. इंटरनेटवर बहिणाबाईंच्या कविता टंकताना हीच अक्षरे आधी धारातीर्थी पडतात. कधी टंकणारा सद्भावनेने ‘शुद्ध’ करतो, कधी फोनच ‘मधी’ खोडून ‘मध्ये’ सुचवतो आणि बोट पुढे जाते. त्यातून निघणारी कविता अर्थाने तीच राहते, पण ओवीचा झोल जातो. जिथे ‘य’वर यमक जुळवले होते तिथे ‘ळ’ येऊन ते उसवते. त्यांची गाणी १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटातून, वसंत पवारांच्या संगीतातून घरोघर गेली. त्याआधी पुस्तकातून, पुढे पाठ्यपुस्तकांतून, ध्वनिफितींवरून, आठवणीतून ती वेगवेगळ्या वाटांनी फिरली. आज पडद्यावर दिसणारी कविता यातल्या कोणत्या वाटेने आली, हे तिच्याखाली लिहिलेले नसते. खाली फक्त नाव असते, आणि शेजारी सूर्यास्ताचे चित्र.

नावाचेही काही खरे नाही. शिऊरच्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, अभंगांतून आत्मचरित्र सांगणाऱ्या. बहिणाबाई चौधरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हयात होत्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. दोघींची सरमिसळ करणारी पाने आहेत, एकीच्या मागे दुसरीचे ‘संत’ लावणारी आहेत. पण हा घोळ साध्या माणसालाही सन पाहून सोडवता येतो, म्हणून त्यावर अधिक शाई घालवत नाही.

ज्याला कसलाच आधार नसतो अशा कविता त्यांच्या नावावर फिरतात, त्यांचे काय करायचे? सासर-माहेर, माती, लेक, असे शब्द आले आणि खाली बहिणाबाई लिहिले की काम झाले. माझी स्वतःची कसोटी दुहेरी आहे. पहिली बोलीची: ‘मला’, ‘डोळा’, ‘पाणी’ असे ठाशीव प्रमाणरूप यमकाच्याच जागी बसलेले असेल, म्हणजे बदलून ‘मले’, ‘डोया’ केल्यास कविता मोडत असेल, तर ती रचना मुळात प्रमाण मराठीतच झालेली आहे. अशी कविता त्यांची नव्हे. दुसरी कसोटी पुस्तकाची: १९५२च्या ‘बहिणाबाईंची गाणी’त किंवा त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत ती आहे का. पहिल्या कसोटीला फसवता येते, ‘ळ’चा ‘य’ कुणीही करू शकतो. म्हणून दुसरी लागते.

पण दुसरीवर तरी किती भार टाकावा? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी उतरून घेत. सोपानदेव स्वतः कवी. आईच्या निधनानंतर त्यांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्राला एक कवयित्री मिळाली. म्हणजे छापील शब्दाआधीही एक कान आहे, एक हात आहे, आणि तो हात कवीचा आहे. ऐकलेली ओळ कागदावर ठेवताना कवीच्या हातून काहीच हलले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. सगळे त्यानेच रचले अशी कुजबुज करणे त्याहून हलके. पुस्तकाचे बळ ते निर्दोष आहे यात नाही. कोण बोलले, कोणी ऐकले, कोणी लिहिले, कोणी छापले, ही माणसे त्यात उभी आहेत आणि त्यांना प्रश्न विचारता येतो, यात आहे.

म्हणून ‘छापलेले खरे, इंटरनेटवरचे खोटे’ अशी विभागणी मला मान्य नाही. त्यासाठी दोन उदाहरणे देतो, एक हलके, एक जड.

हलके आमच्या घरचे. भुसावळचे रेल्वे यार्ड आशियात सर्वांत मोठे, निदान दुसऱ्या क्रमांकाचे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. इंटरनेटच्या आधी ते स्मरणिकांत छापलेले असे, आता पडद्यावर असते. हाच मान मुगलसरायलाही, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनलाही, दिला जातो. मोठे म्हणजे कशाने? रुळांची लांबी, मार्गांची संख्या, दिवसाकाठी जोडल्या-तोडल्या जाणाऱ्या वाघिणी? मोजमापच सांगितलेले नाही, तेव्हा हे विधान खोटेही पाडता येत नाही. जे खोटे पाडता येत नाही त्याला माहिती म्हणू नये; तो गावचा अभिमान आहे, आणि अभिमान म्हणून मला तो प्रियही आहे.

जड उदाहरण बहिणाबाईंच्या जन्मसालाचेच. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, खानदेशचा, प्रसिद्ध झाला. (त्या वेळी जळगाव जिल्हा नव्हता. खानदेश हा एकच जिल्हा होता, त्याचे ठाणे धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम असे भाग १९०६ला झाले. ‘जळगाव जिल्ह्यात जन्म’ असे १८८०च्या संदर्भात लिहिणाऱ्यांसाठी ही नोंद.) या खंडाची छायाप्रत इंटरनेटवर फुकट वाचता येते. भुसावळसारख्या ठिकाणी बसून हे पुस्तक चाळायला मिळणे याचे मोल ज्यांनी ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांनाच कळेल. मूळ पानाचे चित्र आणि त्यावरून कुणीतरी पुन्हा टंकलेला मजकूर यांत फरक करायला शिकलो, तर इंटरनेटसारखे ग्रंथालय नाही. पीक, पाऊस, बाजार, रस्ते, गावोगावचे बारकावे त्या खंडात आहेत. आणि त्याच पानांत भिल्लांविषयी, भटक्या जमातींविषयी साहेबाची नजरही आहे: अमुक लोक चोर, तमुक आळशी, अशी जातवार प्रमाणपत्रे, सरकारी शिक्क्यासह. हीच नजर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात होती. तो कायदा पुढे देशभर पसरला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे बहिणाबाईंची गाणी छापली गेली त्याच वर्षी, रद्द झाला. भटक्याविमुक्तांचे लोक तो दिवस आजही पाळतात. जन्मतः गुन्हेगार ही अफवा फोनने तयार केलेली नाही. ती आधी उत्तम कागदावर, उत्तम बांधणीत आली.

आणि तीच अफवा १ जुलै २०१८ला आमच्या शेजारच्या जिल्ह्यात फोनवरून आली.

साक्री तालुक्यातले राईनपाडा. रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने परिसर आधीच तापला होता. त्यांना मुले चोरणारे ठरवून जमावाने मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले, पाचही जण मेले. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. तिथे स्थानिकांनी घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना वाचवले.

त्या महिन्यांत मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती देशभर फिरत होत्या, त्यांपैकी एक पुढे ओळखली गेली. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यातून एक मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत दुचाकीस्वार परत येतो, मूल सोडतो आणि फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावर मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, असे त्यावर लिहिलेले असते. फिरणाऱ्या फितीत हा शेवट नव्हता. कुणीतरी तो कापला होता. कापणाऱ्याने खोटे एक अक्षरही जोडले नाही. ज्या तुकड्यात बोलणारा कोण आणि कुठला हे लिहिलेले होते, तेवढाच काढून टाकला.

फॉरवर्ड ही नवी मौखिक परंपरा आहे, असे परिसंवादांतून अलीकडे ऐकू येते. मौखिक परंपरेचा असा अपमान मला सहन होत नाही. जात्यावरची ओवी निनावी असते हे खरे, पण ती कुणाच्या तरी तोंडून येते आणि ते तोंड समोर असते. ही माझ्या आत्याची, ही माहेरची, ही मी शेंदुर्णीच्या बाईकडून घेतली, असे म्हणणारी सांगते. ऐकणारी तिला अडवू शकते, कडवे चुकले म्हणू शकते. बहिणाबाई शेतात, जात्यावर जे म्हणत ते ऐकणाऱ्यांना म्हणणारी ठाऊक होती. फॉरवर्डच्या खाली लिहिलेले असते, ‘जसे आले तसे’. त्या तीन शब्दांत पाठवणारा आपले अंग काढून घेतो. मौखिक परंपरेत हे चालत नाही. तिथे सांगणारा अंगाने हजर असतो. राईनपाड्यात जे पाच जण मारले गेले ते तर अंगाने हजर राहण्यावरच जगणाऱ्या समाजातले होते. डवरू वाजवत, दारोदार उभे राहून, पिढ्यान्पिढ्या त्याच त्या गावांना येणारे लोक. त्यांच्याबद्दलची माहिती बाजारात समोर उभी होती. फोनमधली अधिक खरी वाटली.

घटनेनंतर दहा दिवसांच्या आत व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असे लिहायला सुरुवात केली, देशभरच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आणि त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पुढे फार फिरलेल्या संदेशावर दोन बाण दिसू लागले आणि २०२०मध्ये तसा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. उपाय चांगले आहेत. पण बाण मोजतो ते हात. संदेश किती जणांनी पुढे ढकलला एवढेच तो सांगतो. पहिला कोण, हे विचारायची खिडकी त्यात नाही. विकिपीडियात ती आहे: पानाच्या डोक्यावर ‘इतिहास’ लिहिलेले असते, तिथे कुणी कधी काय बदलले याची ओळ न् ओळ सापडते. बहिणाबाईंची २४ तारीख उतरवून घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या शब्दावर बोट ठेवले असेल? मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते, बऱ्याचदा संदर्भही. नोंद उतरवताना सगळ्यांत आधी गळते ते हेच.

राईनपाड्याचा खटला धुळ्याच्या न्यायालयात चालला. फेब्रुवारी २०२४मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. ती मारणाऱ्यांना झाली.